तापवलेलं दूध

कमळताईंच्या घरात चाळीस वर्षांत बिनतापवलेलं दूध कुणाच्या पोटात गेलं नव्हतं. पिशवी आली की दूध पातेल्यात आणि पातेलं गॅसवर, हात आपोआप चालायचे. त्या सोमवारी सून रुचिरा बाळंतपणाच्या रजेनंतर पहिल्यांदाच कामावर गेली. अकरा वाजता चार महिन्यांचा निहार भुकेने कुरकुरायला लागला, तशा कमळताईंनी फ्रिजमधल्या दोन्ही बाटल्या पातेल्यात ओतल्या आणि चांगली खळखळून उकळी आणली.

अहो, अंगावरचं काढून ठेवलेलं दूध ते! "बाटली नुसती गरम पाण्यात धरा, बस्स," असं रुचिराने तीनदा बजावलं होतं. पण ऐकतंय कोण? दोन पोरं वाढवलेल्या बाईला ही काय शिकवते, असं मनात म्हणत कमळताई भाजी निवडत बसल्या होत्या.

निहारने एक घोट घेऊन तोंड फिरवलं. दुसरा थुंकला. मग असं काही भोकाड पसरलं, की शेजारची शकु धावत आली.

"मेडिकलमधून पावडरचा डबा आण ना. पाण्यात कालवून दे, गप झोपेल."

डबा आणणार नाही, असा शब्द दिला होता कमळताईंनी. "सहा महिने माझंच दूध द्यायचंय, आई. वरचं सुरू झालं की माझं आटेल," असं रुचिरा अगदी काकुळतीला येऊन म्हणाली होती. त्यांनी पोराला टॉवेलात गुंडाळलं, रिक्षा केली आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सुनेच्या कंपनीच्या गेटवर उतरल्या.

"लहान मुलं आत चालत नाहीत, मावशी," वॉचमन सहदेव म्हणाला.

"मग तिला बाहेर बोलव. आणि तुझी केबिन रिकामी कर. बघतोस काय? तुला काय तुझ्या आईने रजिस्टरमध्ये सही घेऊन पाजलं?"

सहदेवने मुकाट्याने फोन लावला आणि स्टूल उचलून उन्हात जाऊन बसला.

रुचिरा ओढणी छातीशी घट्ट धरून धावत आली. "काय झालं त्याला?"

"त्याला काय धाड भरलीय! मीच गाढव. तुझं दूध तापवलं गो मी. सगळं."

"आई! तीनदा सांगितलं होतं!" रुचिरा संतापलीच. पण केबिनमध्ये बसून निहार तिच्या अंगावर चुरूचुरू प्यायला लागला, तसा तिचा राग उतरला आणि डोळे भरून आले. "आत्ताच बाथरूममध्ये बेसिनमध्ये पिळून आले. छाती ठणकत होती. ठेवायला कुठे जागा नाही. आणि इकडे हा उपाशी."

रुचिराचा नवरा नितेश अडीच महिन्यांचा असताना कमळताईही विक्रोळीला कामावर अशाच मोरीत उभ्या राहायच्या. पंधरा दिवसांत दूध आटलं होतं. मला पहिल्यापासूनच कमी होतं, असं त्या आजवर सगळ्यांना सांगत आल्या होत्या. नितेशलासुद्धा.

"मला दूध कमी नव्हतं गो," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी पोर आणून दिलं नाही."

रुचिराने त्यांचा हात धरला. निहारचं पोट भरेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

निघताना कमळताईंनी केबिनचं दार उघडून हाक मारली, "सहदेव, उद्यापासून रोज अकरा वाजता येणार आम्ही. तुझं स्टूल सावलीत लाव."