दाराकडे तोंड केलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, पण समुद्र कसा असतो ते मला ठाऊक नाही. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा चर्चमध्ये मी छताला दोन तारांनी टांगलेली आहे. लांबीला असेन माणसाच्या हाताएवढी.

मला टोर्किल नावाच्या कोळ्याने घडवलं. त्याचा मुलगा लाउरिट्स मासे धरायला गेला आणि वादळानंतर परतला नाही. पोरगा सुखरूप आला तर चर्चमध्ये होडी टांगीन, असा नवस टोर्किल बोलला आणि वाहून आलेला एक ओंडका घेऊन मला कोरायला बसला. माझी शिडं त्याच्या बायकोने, किर्स्टिनेने, लाउरिट्सच्या रविवारच्या सदऱ्यातून शिवली. तो सदरा त्याला आखूडच होतो, आल्यावर नवा शिवू, असं ती म्हणायची.

माझी शेवटची दोरी बांधायची राहिली होती, तेव्हा लाउरिट्सच्या बोटीच्या नावाची फळी किनाऱ्याला लागली. टोर्किलने मला उचललं आणि लोखंडी चुलीचं दार उघडलं.

"ज्याच्यासाठी नवस बोललो तोच आला नाही. आता फेडू काय, कपाळ?"

किर्स्टिने बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली. "देवाशी काय मासळीबाजारातला सौदा केला होतास? त्यानं स्वतःचा मुलगासुद्धा क्रूसावरून उतरवून घेतला नाही. आपल्या घरात काय झालंय ते त्याला वेगळं समजावायला नको. जा, टांग ती होडी."

टांगली त्याने मला. पण आमच्याकडे चर्चमधल्या होडीचं तोंड वेदीकडे असतं, आणि टोर्किलने माझं तोंड ठेवलं दाराकडे. सगळ्यांनी पाहिलं. पाळकसाहेबांनीही पाहिलं. कोणी मला फिरवायला सांगितलं नाही.

त्यामुळे मला मात्र खाली बसलेल्यांचे चेहरे दिसू लागले. मला फार कुतूहल वाटायचं. समुद्राने ज्यांच्या घरची माणसं नेली, तीच ही माणसं, दर रविवारी येऊन गातात कशी? मग नीट पाहिलं, तर किर्स्टिनेचे नुसते ओठ हलत होते. टोर्किलचे तर तेही नाहीत. तो माझ्यासारखाच दाराकडे वळून वळून बघायचा.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी सगळे गेल्यावर दोघं मागे राहिली. टोर्किल कुजकटपणे म्हणाला, "तुझ्या गळ्यातून सूर निघतो तरी कसा?"

"कुठे निघतो? शेजारी बसणारी ती मालेने आहे ना, ती गाते, मी ओठ हलवते. तिचा नवरा बुडाला त्या वर्षी मी गात होते आणि ती ओठ हलवत होती. तुला वाटलं, इथे सगळ्यांनाच रोज जमतं?"

टोर्किलने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ईस्टरच्या सकाळी, घंटा व्हायच्या आधी, तो शिडी घेऊन आला. किर्स्टिनेने शिडी धरली. त्याने तारा सोडल्या, मला फिरवलं आणि पुन्हा बांधलं.

"मी निघालेली होडी टांगली होती," तो म्हणाला. "घरी पोचणारी टांगायला हवी होती."

"वाकडी झालीय," किर्स्टिने म्हणाली.

मग लोक आले. प्रभू उठला आहे, असं एकमेकांना म्हणाले, गायला लागले. तेव्हापासून माझं तोंड वेदीकडे आहे. चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज येतात. त्या दिवशी टोर्किलचा आवाज आला नाही. ओठ हलले असतील. पण काही वर्षांनी एका रविवारी तो इतका मोठ्याने आणि इतका बेसूर गायला, की माझ्या तारा थरथरल्या. मी ओळखलं, आज याच्या शेजारी नुसते ओठ हलवणारं कोणीतरी नवं बसलंय.

मित्रांनो, माझ्या शिडांवर धूळ बसली, तर मऊ ब्रशने हळूच झटका. तो एका मुलाचा सदरा आहे. आणि शेजारच्याचे नुसते ओठ हलताना दिसले, तर काही विचारू नका. त्याच्या वाटचंही तुम्हीच गा.