बोटभर पुढे

"काच बदलायला वेळ लागेल," ताई म्हणाली. "तोवर चहा पिऊन ये. समोर बसून माझ्या हाताकडे टक लावलेलं मला चालत नाही."

"मी काही बोलणार नाही गं," असं म्हणून धाकटीने स्टूल ओढलं आणि बसली ती बसलीच.

हिचं सगळं असंच. पन्नाशी उलटली तरी शेंडेफळ ते शेंडेफळच. कॅमेरा मूळ बाबांचा. तो त्यांनी दिला हिला, आणि ताईला काय दिलं, तर हे दुरुस्तीचं दुकान, हे टेबल आणि स्क्रू ड्रायव्हरांचा डबा. म्हणजे हिने गावोगावी माणसांचे चेहरे टिपत हिंडायचं, प्रदर्शनं भरवायची, आणि ताईने लोकांच्या लेन्सवरची बुरशी पुसत बसायचं. वर गिऱ्हाइकं ताईलाच सांगणार, "तुमच्या बहिणीची नजर काय आहे हो." ताई "हो ना" म्हणायची. एकाही प्रदर्शनाला मात्र ती गेली नव्हती. पोटात दुखत असताना जायचं कसं?

"आत बघितलं की दिवेलागण झाल्यासारखं वाटतं," धाकटी म्हणाली.

"काच जुनी झाली, तूही जुनी झालीस. काच तेवढी बदलता येते."

धाकटी हसली. हसताना अजूनही छान दिसते मेली.

ताईने लेन्स काढली. आत आरशाच्या वर, छताला असते ती खरखरीत काच. चित्र तिच्यावर उमटतं, आणि ते स्पष्ट दिसेपर्यंत माणूस लेन्स फिरवत राहतो. ताईने क्लिप सोडवली, चिमट्याने काच अलगद बाहेर घेतली आणि तिचा हात थांबला. काचेखाली पितळेचा पातळ पत्रा हवा. तो नव्हता.

पत्रा नसला की काच केसभर खाली बसते. बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं, फिल्मवर मात्र नेम अलीकडे पडतो. डोळे धरावेत, तर नाकाचा शेंडा स्पष्ट येतो. नवशिक्याची चूक. पण हा कॅमेरा शेवटचा उघडला होता बाबांनी, जायच्या आदल्या वर्षी. ताई पुढे झाली होती, तर म्हणाले, "हा राहू दे. हा मीच करणार." लाडकीच्या कॅमेऱ्याला मोठीचा हात नको. ते वाक्य ताईच्या मनात आजवर सलत होतं.

आणि आता हे. ताईला आनंद झाला, खोटं कशाला बोला. म्हणजे इतकी वर्षं हिचा एकही फोटो धड नसणार, आणि लोक त्यालाच कला म्हणत असणार.

"एक सांगू?" ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "बाबांनी आत पत्राच घातलेला नाही. तुझे सगळे फोटो हुकत असतील."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच रोलमध्ये कळलं. मग मी काय करायचे, नीट दिसलं की बोटभर पुढे झुकायचे आणि मग बटण दाबायचे. जमलं हळूहळू."

"अगं, मग आणायचा ना इकडे. मी तासाभरात करून दिला असता."

"इथे? त्यांच्यादेखत?" धाकटीचा आवाज खाली गेला. "त्यांचा हात कापायला लागला होता, ताई. स्क्रू निसटला की म्हणायचे, चिमटा बोथट झालाय. तुझ्यासमोर चूक निघाली असती तर ते पुन्हा या टेबलाशी बसले नसते. तुझाच धाक होता त्यांना. मला म्हणायचे, मोठी माझ्यापुढे गेली, आता तिला काही दाखवायचं म्हणजे लाज वाटते."

ताईने हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. कोपराला कोपर लावून ती रोज त्यांच्या शेजारी बसायची. तिला तो हात दिसला नाही, आणि वर्षाकाठी दोनदा येणाऱ्या हिला दिसला.

"आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर मलाच वाटलं, असू दे तसंच."

तेव्हा ताई खरी जळली. कॅमेरा दिला तो दिला, बाबांनी आपली चूकसुद्धा हिच्याच पदरात घातली. आणि हिने ती जिवापाड सांभाळली.

"मग पत्रा घालू की नको?" तिने तुटकपणे विचारलं. ही नको म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

"घाल. आता झुकताना माझाच तोल जातो."

ताईने पत्रा कापला, कडा घासल्या, बसवला. वर नवी काच चढवली. मागे फिल्मच्या जागी दुधी काच धरून पुन्हा पुन्हा तपासलं. रस्त्यापलीकडच्या किल्लीवाल्याचा चेहरा दोन्हीकडे सारखाच स्पष्ट होता. मग रोल भरून तिने कॅमेरा पुढे केला.

"बाई गं, केवढा उजेड," धाकटी म्हणाली. तिनेही किल्लीवाल्यावरच रोखला, लेन्स फिरवली, थांबली, आणि सवयीने बोटभर पुढे झुकली.

"झुकू नकोस. आता बरोबर आहे."

धाकटीने पुन्हा रोखला, आणि पुन्हा झुकली. "जात नाही गं सवय," ती म्हणाली. कॅमेरा डोळ्यावरून काही तिने काढला नाही.

ताई उठून तिच्या मागे गेली आणि तिचा खांदा धरला. जरा जोरातच धरला. मनातलं सगळं निवळलं होतं, असं मुळीच नाही. हाताखालचा खांदा पुढे जायला बघत होता. ताईने तो जाऊ दिला नाही.

"हं, आता दाब," ती म्हणाली.