पहिल्या शुक्रवारची पेज

खुबा मोडण्याआधी बायजी चर्चमध्ये मिस्साला क्वचितच जायची. नाताळ, झावळ्यांचा रविवार आणि नात्यातलं एखादं लग्न, एवढंच. एरवी रविवारी सकाळी ती ओहळात खेकडी धरायला उतरे आणि कुणी विचारलंच तर म्हणे, देव काय तलासरीला कोंडून ठेवलाय? तिची धाकटी जाऊ जिजा मात्र उधव्यापलीकडच्या त्यांच्या पाड्यातून डांबरी रस्त्यापर्यंत चालत येई, जीप धरून तलासरीच्या चर्चमध्ये जाई आणि डावीकडच्या पहिल्या रांगेत बसे. पाड्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. जिजाची धुतलेली साडी दिसली की बाकीच्यांना कळे, आज रविवार.

२०१७ च्या ईस्टरनंतर बायजी बोअरच्या ओट्यावर शेवाळावरून घसरली. डहाणूच्या दवाखान्यातून परत आली ती बाजेवर पडली ती पडलीच. ती विधवा, मूलबाळ नाही. जिजाचा नवरा हाल्या उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा, रविवारी तर हमखास, मुलं वापीला. बायजीला उठवणं, पुसणं, भरवणं सगळं जिजाकडे आलं. तिला एकटं टाकून जाता येईना. जिजाची मिस्सा सुटली.

आणि बायजीकडे देव घरी यायला लागला.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दीपेश मास्तर मोटारसायकलवरून यायचा. तो आश्रमशाळेत शिकवायचा. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याचं काम फादरांनी त्याच्यावर सोपवलं होतं. मिस्सात पवित्र केलेली ती पातळ पांढरी भाकर एका छोट्या डबीत, डबी कापडी पिशवीत, आणि पिशवी गळ्यातून शर्टाच्या आत. ती जवळ असेपर्यंत तो वाटेत कुणाशी गप्पा मारत नसे. पाड्यातल्या हिंदू घरांनाही हे ठाऊक झालं होतं. त्याला हाक मारायची ती परतीच्या वाटेवर.

पहिल्या खेपेला जिजाने घर सारवलं, स्टुलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर क्रूस आणि मेणबत्ती ठेवली. सकाळपासून तोंडात काही घातलं नाही. प्रार्थना झाली, मास्तरने बायजीच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवला. जिजा हात जोडून पुढे सरकली. मास्तरने डबी मिटली आणि पिशवीत ठेवली.

तिने विचारलं नाही. भाकर मागून घेता येते, हे मागायचं नसतं, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या महिन्यात तो आपणहून आणेल. त्याने आणलं नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मग तिचं तोंड कायमचं बंद झालं.

आपल्याला मिळत नाही याहून तिला दुसरंच जास्त खुपायचं. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर बायजी डोळे मिटायची. तिच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या. उरलेला दिवस ती कण्हायची नाही, पाणीसुद्धा हळू आवाजात मागायची. पोटभर जेवून अंगणात पडलेल्या माणसासारखी दिसायची. जिजाने इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून जे थोडं थोडं जमवलं होतं, ते या खेकडी धरणारीला बाजेवर पडल्या पडल्या मिळत होतं. जिजा तिचं अंग पुसताना हात जरा जोरात चालवायची.

एकदा तिने हाल्याला बोलून दाखवलं. तो बूट घालत होता. म्हणाला, मग तूही पाय मोडून घे. तिने चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली. पहिल्या शुक्रवारी जिजा शेत सोडून घरी थांबली. स्टुलावर कापड अंथरताना तिला लहानपणीचं वसतिगृह आठवलं. ख्रिस्तप्रसादाआधी तासभर पाण्याशिवाय काही खायचं नाही, हे सिस्टरांनी तिथे पक्कं करून घेतलं होतं. चिंच चोखलेल्या एका मुलीला त्यांनी रांगेतून परत पाठवलं होतं.

जिजाने चुलीवर पेज ठेवली. ती शिजली तरी वाढली नाही. बायजीने दोनदा मागितली. जिजा म्हणाली, गरम आहे. मग ओहळावरच्या मोरीच्या चढावर मोटारसायकलचा आवाज आला. तिने वाडगा भरला, बाजेवर बसली आणि बायजीला चमच्याने भरवायला लागली. बायजीने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा जिजाकडे, आणि तोंड उघडलं. वाडगा संपल्यावर तिने आणखी मागितली.

मास्तर आत आला तेव्हा जिजा पदराने बायजीचे ओठ पुसत होती.

"मास्तर, बायने आताच पेज खाल्ली," ती म्हणाली. "उपास मोडला तिचा."

ती स्वतः सकाळपासून उपाशी होती. मास्तर इतक्या लांब आणलेलं परत नेणार नाही, आपल्यालाच देईल, अशी तिची अटकळ होती.

मास्तरने शांतपणे मेणबत्ती पेटवली. "आजाऱ्याला तो नियम नाही, काकी. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही नाही."

"सेवा करणाऱ्याला कशाला?"

"त्यालाही घेता यावं म्हणून."

जिजा वाडगा हातात धरून उभी राहिली. मास्तरने तिच्याकडे पाहिलं. त्याने विचारलं, "तुम्ही रविवारी येता ना मिस्साला? मलाच तुम्ही गर्दीत दिसत नसाल."

"ईस्टरपासून नाय आले."

मास्तरने बायजीकडे पाहिलं. त्याने मे महिन्यातच तिला विचारलं होतं, जिजाकाकीला ख्रिस्तप्रसाद कुठे मिळतो. जाते की ती रविवारी, असं बायजी म्हणाली होती. तेव्हा जिजा पाणी आणायला गेली होती.

त्याने आता ते बोलून दाखवलं आणि गोष्ट तिघांसमोर पडली. बायजी छताच्या कौलांकडे बघत राहिली.

मास्तरने नेहमीसारखी पश्चात्तापाची प्रार्थना सुरू केली. आपण विचाराने, शब्दाने, कृतीने चुकलो, असं म्हणत छातीवर हात मारायचा असतो. जिजाने हात उचलला आणि थांबली.

"पेज मी मुद्दाम दिली, बाय. आवाज ऐकून."

"ठाऊक हाय," बायजी म्हणाली. "म्हणून तर दुसरा वाडगा मागितला. म्हटलं, तो नाय मिळायचा तर पोट तरी भरू दे." मग कौलांकडेच बघत ती म्हणाली, "तुझ्याकडं तो जन्मभर होता, जिजे. माझ्याकडं पहिल्यांदा आला. मला वाटलं, माझ्या एकटीकडंच येऊ दे."

मास्तरने प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा म्हटली. या वेळी तिघांचेही हात छातीवर लागले. दोघींनी सवड मिळाली की फादरांजवळ पापनिवेदन करावं, एवढं त्याने सांगितलं. मग डबी उघडली. आत भाकर एकच होती.

"मोडून द्या," बायजी म्हणाली.

मास्तरने ती डबीवर धरून मोडली. लहानात लहान तुकड्यातही ख्रिस्त पूर्णच असतो, हे त्या दोघींना वसतिगृहात शिकवलेलं होतं आणि जिजाचा त्यावर विश्वासही होता. तरी तिने पाहिलं. भाकर बरोबर मधोमध मोडली नव्हती.

आधी बायजीला, मग जिजाला. जिजा जमिनीवर गुडघे टेकून बसली. जिभेवर तो तुकडा विरघळायला वेळ लागला नाही. बाहेर कुणीतरी भात झोडत होतं. ओल्या सारवणाचा वास येत होता. तिने डोळे मिटले. महिनोन्महिने आत जे ओढून बांधल्यासारखं झालं होतं, ते सैल पडलं. काही मागावंसं वाटेना, काही सांगावंसंही वाटेना. ती नुसती बसून राहिली, आणि कुणीतरी तिच्याजवळ बसून होतं.

मास्तर पुढच्या वेळी दोन आणतो म्हणाला आणि निघाला. ओहळापाशी त्याला कुणीतरी मोठ्याने हाक मारली. डबी आता रिकामी होती.

मेणबत्ती जिजाने विझवली.

"तुझा तुकडा मोठा होता," ती म्हणाली.

बायजीने डोळे उघडले नाहीत. "मीबी बघत होते. तुझा मोठा होता."

जिजाने उरलेली पेज बायजीच्याच वाडग्यात ओतून घेतली आणि बाजेला पाठ टेकून खाल्ली.