धामापूरची तार

आमचा फॉस्टिन शाळेत विज्ञान शिकवायचा आणि मी मराठी. दोघंही निवृत्त झालो, पण शेजार सुटला नाही, त्यामुळे त्याचं विज्ञान मला अजून ऐकावं लागतं. त्याचा लाडका माणूस म्हणजे हान्स बर्जर, जर्मनीतला डॉक्टर. हा तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडला आणि मरता मरता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली, खुशाल आहेस ना म्हणून. थोरल्या बहिणीला घरबसल्या वाटलं होतं की भावावर काहीतरी संकट आलंय, आणि तिनं वडिलांना तार करायला लावली होती. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात निरोप जातो कसा, हे शोधायचा बर्जरनं ध्यास घेतला. निरोप काही सापडला नाही. सापडल्या त्या माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी, आणि त्यांच्यावरही लोकांनी कित्येक वर्षं विश्वास ठेवला नाही.

"शोधूक गेलो एक, गावला दुसराच!" असं म्हणून फॉस्टिन वर्गात हसायचा. लहरी खऱ्या, बहिणीला कळणं हे खूळ, असं पोरांकडून वदवून घ्यायचा.

हे त्यानं वर्गापुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. गेल्या मे महिन्यात वाडीच्या क्रुसापुढे लादाइन, म्हणजे प्रार्थना झाली. मग उकडलेले चणे वाटताना त्याची थोरली बहीण पिएदाद बायकांना सांगू लागली, की आई गेली तेव्हा मला धामापुरात बसल्या जागी कळलं होतं. फॉस्टिन तोंडातले चणे चावत सगळ्यांदेखत म्हणाला, "बाय, तुझा डोका म्हणजे तारऑफिस काय गो?"

लोक पोट धरून हसले. पिएदाद उठली. "बरा तर! आता माझ्या डोक्यात कळात तेव्हाच मी तुका फोन करीन. आणि तुझ्या डोक्यात कळात तेव्हा तू कर."

धामापूर इथून रिक्षेनं जाण्याइतकं जवळ. पण तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

नाताळ होऊन गेला, फेब्रुवारी उजाडला, तरी फॉस्टिनच्या ओटीवर कागदी नक्षत्र, म्हणजे नाताळचा चांदणीसारखा आकाशकंदील, लोंबतच होतं. ते काढायला हा पठ्ठ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला आणि खुर्चीसकट खाली आला. डोकं पायरीवर आपटलं, थोडा वेळ शुद्ध हरपली. शुद्धीवर आल्या आल्या म्हणतो काय, "पिएदाद बायक कोणी सांगा नकात. प्रयोग आसा!"

मासे विकायला आलेली हिरा तिथंच उभी होती. ती मालवणातून धामापूरपर्यंत घरोघर मासे देते, आणि तिच्या पाटीत इकडच्या खबरी तिकडे जातात. म्हणून फॉस्टिननं तिला वेगळी शपथ घातली.

ओरोसच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला. बर्जरच्या लहरींची ती तपासणी आपल्यावर होणार म्हणून फॉस्टिन नवरदेवासारखा दाढी करून निघाला. रूपाली नावाच्या मुलीनं त्याच्या डोक्याला वायरी चिकटवल्या आणि डोळे मिटायला सांगितलं.

"समजा, लांब कुठेतरी कोणी माझी आठवण काढत असेल," फॉस्टिननं डोळे मिटूनच विचारलं, "तर ते यात दिसतं का?"

"नाही काका. पण तुमची पापणी हलली तर दिसतं. हलवू नका."

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "प्रयोगासाठी विचारलंय."

आलेख चांगला निघाला. माणूस मात्र बिघडला. फोन छातीवर ठेवून दिवसभर पडून राहायचा. वाजला की दचकून उठायचा, आणि पलीकडून कोणीतरी कर्ज हवंय का विचारायचं.

"बघ गुरुदास, फोन नाय इलो. माझाच खरा झाला," तो म्हणाला. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. समोरची पेज तशीच निवत होती. मला त्याचा भयंकर राग आला, आणि वाईटही वाटलं.

"मी सांगू का तिला?"

"खबरदार!"

दुसऱ्या दिवशी हिरा आली. बांगडे घेता घेता फॉस्टिननं सहज विचारल्यासारखं विचारलं, "धामापुरात सगळा बरा मा?"

हिरा खाली मान घालून मासे साफ करत राहिली.

"हिरा, काय झाला?"

"माका शपथ आसा."

"ती माझीच मा? सोडली."

"तुमची नाय, मास्तरांनू. बायची!" तिनं कोयता खाली ठेवला. "बाय नाताळाआदी पडली. खुब्याचा हाड मोडला, तेव्हापासून खाटेर आसा. म्हणाली, फॉस्टिनाक सांगा नको, तेच्या डोक्यात कळांदे. रोज माका इचारता, तेणी काय इचारल्यान काय? दोगांच्यो शपथो एकाच पाटयेत घेवन फिरतंय मी. खंयची पयली मोडू, ता तरी सांगा!"

फॉस्टिन ओटीच्या पायरीवर बसला. वर नक्षत्राची दोरी अजून लोंबत होती.

"नाताळाआदी मी ह्या नक्षत्र बांधी होतंय," तो म्हणाला. "गाणा म्हणत. माका कायच कळूक नाय रे, गुरुदास. कायच नाय."

त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून तो आवाज मोठा ठेवतो, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू आलं. पिएदादनं ना हॅलो म्हटलं, ना नाव विचारलं.

"कळला?"

फॉस्टिननं हिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मभर पोरांच्या डोक्यातली खुळं काढणारा मास्तर तो.

"होय गो बाय. आत्ताच कळला. डोक्यात."

 पलीकडे म्हातारी रडायला लागली.

"मेल्या, इतको उशीर?"

"तार उशिरा पोचली गो," फॉस्टिन म्हणाला, आणि पायानं चपला शोधू लागला.