उघाडीवरची नववी तार

उधाण चढत होतं आणि बांधावरची उघाडी, खाडीचं पाणी अडवणारं ते लोखंडी दार, आपोआप वर जायला लागलं! दार चालवणारं कंट्रोल कार्ड दिपिकाने नुकतंच बसवलं होतं. दाराच्या आत अर्ध्या गावाची नुकतीच लावलेली भातं. खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं दाणा नाही.

तिचा बाप काळुराम तीस वर्षं ही उघाडी सांभाळत होता. त्याने धावत येऊन मोटर सोडवली आणि चाक फिरवून दार खाली घेतलं.

"ह्यानंच चाकाला हात लावला असंल!" गाव कमिटीचा हरेश ओरडला. "मशीन कशाला चुकंल?"

"बाबानं नाय लावला. चूक माजी हाय," दिपिका म्हणाली. रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठला? आज कार्ड टिकलं नाही तर उखडून फेकू, असं कमिटीने आधीच बजावलं होतं.

ती लॅपटॉप घेऊन बांधावरच बसली. खाडीतला सेन्सर पाण्याची उंची आठ तारांवरून, एक-शून्याच्या भाषेत, पाठवतो. त्याचं घड्याळ वेगळं, कार्डाचं वेगळं. म्हणून कार्डाने विचारायचं, सेन्सरने नवव्या तारेवर 'आकडा तयार' म्हणायचं, मगच वाचायचं. पण आमची शहाणी! ती कामाला होती त्या रोह्याच्या वर्कशॉपात तार हातभर होती, आकडा झटकन यायचा. मग कशाला ती नववी तार? ठरावीक वेळ थांब आणि वाच, एवढंच तिने कार्डावरच्या चिपमध्ये घातलं. इथे तार तीस मीटर. पाणी त्रेसष्टवरून चौसष्ट सेंटीमीटरवर गेलं, तेव्हा सात तारा एकदम बदलायच्या होत्या. काही बदलल्या, काही मागे राहिल्या, आणि कार्डाने वाचलं शून्य. खाडी रिकामी, आतलं पाणी सोडायला उघड दार!

चिपमधली जोडणी तिने तिथेच बदलली. उत्तर येईपर्यंत थांबायचं. नाहीच आलं तर दार बंद ठेवायचं. आता खरी अवघड जागा एकशे सत्तावीसनंतर होती. तिथे आठही तारा बदलतात.

"बाबा, मोटर जोड. आन् चाकावरचा हात काढ."

"नक्की?"

"व्हय."

त्याचंही शेत आतच होतं. त्याने हात काढला.

लॅपटॉपवर आकडे चढत होते. एकशे सव्वीस. सत्तावीस. लाट आली. अठ्ठावीस. परत सत्तावीस. अठ्ठावीस. दार तसूभर हललं नाही.

"झ्याक!" हरेश म्हणाला. "मंग चाक काढून टाकू ना आता? माणूस लागनार नाय, असं तुज्या वर्कशॉपच्या मालकानं लिहून दिलंय."

"नाय. चाक राहील. बाबा पन राहील. मालकाला मी सांगते."

"मंग तुज्या मशीनचा उपयोग काय गो?"

काळुरामने हात पुसले. "तीस वर्सांत उधानाच्या दिवशी दुपारचा घरी जेवलो नाय," तो म्हणाला. "आज जातो." आणि तो खरंच निघाला, एकदाही मागे न बघता.

दिपिका मात्र पाणी उतरेपर्यंत चाक धरून उभी राहिली.