जानरावचा सूर

सूर धरणाऱ्याला अक्कल लागत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. देवळात सनई मी वाजवायचो आणि माझा धाकटा भाऊ जानराव शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरायचा. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, मध्ये न तोडता. लोक माझ्याकडे बघायचे. मलाही वाटायचं, बघायला दुसरं आहेच कोण!

मग कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यावर बैलगाड्या मावेनात. अकोल्याच्या वखारीत मजुरी दुप्पट होती.

"एका सुराले का लागते? कोनीही वारा भरन. तू जाय," मी जानरावला म्हटलं.

तो गेला. टांगलेल्या भल्यामोठ्या पोत्यात उतरून पायांनी कापूस तुडवायचा, हे त्याचं काम. तीन हंगाम त्याने ते केलं.

इकडे मी चौघांना सुरावर बसवून पाहिलं. एकालाही तो टिकवता येईना. बापाने शिकवलेल्या काकडआरतीच्या तीनही धुना अर्ध्यावर थांबू लागल्या, कारण मधल्या लांब आलापात खालचा सूर तुटला की माझी सनई उघडी पडायची. शेवटी देवळाचे कारभारी खुशालराव म्हणाले, "नत्थुजी, कार्तिकी पुनवेले एक तरी धून पुरी झाली पायजे. नाई तं अचलपूरचे वाजंत्री आनतो." चार पिढ्यांची आमची सेवा होती ती.

त्याच वर्षी पावसाळ्यात कापसाचा भाव कोसळला, वखार बंद पडली आणि जानराव परत आला. मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी सनई त्याच्या हातात दिली. सूर लागला, तोच, जुना. आणि दहा मोजायच्या आत खोकला आला. कापूस त्याच्या छातीत जाऊन बसला होता.

तरी आम्ही रोज पहाटे बसलो. सुंठ-गूळ झालं, अडुळसा झाला. भाद्रपदात तो मुखड्याच्या शेवटापर्यंत पोचला, दसऱ्याला आलापाच्या तोंडाशी. तिथून पुढे तसूभरही नाही. मी चिडायचो, नाही नाही ते बोलायचो. तो ओठ पुसून म्हणायचा, "भाऊ, अजून एक डाव." त्याचा मला आणखीच राग यायचा.

पुनवेला देऊळ भरलं. धून सुरू झाली, आलाप आला आणि जानराव गुदमरला. खुशालरावांनी मान फिरवली. मी तसाच रेटून वाजवलं असतं, तेवढा निर्लज्ज मी आहे. पण खोकताखोकता तो माझ्याकडे बघत होता, जणू सगळा गुन्हा त्याचाच. मी माझी सनई खाली ठेवली, त्याची उचलली आणि सूर धरला.

थोड्याच वेळात गालांना कळ लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. हे तो लहानपणापासून करत होता.

"भाऊ, धून वाजव ना," तो कुजबुजला. "सूर कायले धरून राह्यला?"

तोंड सुरात अडकलं होतं.

धून अर्धीच राहिली, आरती उरकली, लोक प्रसाद घेऊन गेले. पुढच्या वर्षी अचलपूरचे वाजंत्री आले. त्याआधीच, होळीच्या सुमारास, त्या खोकल्यानेच जानराव गेला.

मी अजून रोज पहाटे बसतो. माझी सनई काढत नाही. त्याची घेतो आणि सूर धरतो, मनातल्या मनात तो आलाप संपेपर्यंत. अजून एकदाही तिथवर पोचलो नाही.