पानावरून उठवलेली पंगत

मंगळवार, दिनांक १६ ऑक्टोबर १९३४, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे. भोरच्या बाजारपेठेतील सोजराबाईंच्या हॉटेलात माडीवर बेचाळीस माणसे जेवायला बसली होती, आणि खाली कुंडलिक मिस्त्री त्यांना पेलणाऱ्या सागवानी तुळईकडे मान वर करून पाहत होते.

तुळईखालचा मधला खांब दोन वर्षांपूर्वी निघाला. चहाच्या टेबलांना जागा हवी होती. पुण्याच्या तंत्रशाळेत शिकलेल्या मिस्त्रींनी वीस माणसांचे गणित मांडून "काढा" म्हटले. बाजारच्या दिवशी किती बसतात, हे विचारायचे राहून गेले. श्रावणात, तुळई भिंतीत शिरते तिथे चीर दिसली, तेव्हा त्यांनी तिच्यावर कागदाच्या चार पट्ट्या आडव्या चिकटवल्या. पट्टी फाटली की भिंत हलली, असे समजायचे. आज पट्ट्या नव्हत्या. भिंत पांढरीशुभ्र होती.

"घट बसायचे म्हून चुना दिला. तुमची ठिगळं खरवडून टाकली," सोजराबाई म्हणाल्या.

"फाटली होती का, अक्का?"

"कुनी बघितलं? सणाला भिंतीवर कागद शोभत्यात व्हय?"

साक्ष पुसली गेली होती. उरली एकच परीक्षा. मिस्त्रींनी फरशीवर मापाची काठी उभी धरून तुळईच्या मध्यापर्यंतची उंची मोजली: आठ फूट दीड इंच. ओझे उतरल्यावर वाकलेले लाकूड वर आले, तर त्यात जीव आहे. नाही आले, तर माडी बंद.

"वरची माणसं खाली घ्या."

"पानावरनं उठवू? वैऱ्यालाबी कुनी उठवत न्हाई. पुढल्या बाजारी माझ्या दारात कुत्रं फिरकायचं न्हाई."

"खांब माझ्या शब्दावर निघाला. मीच सांगतो."

आपलेही वजन नको, म्हणून ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच थांबले आणि तिथूनच त्यांनी विनवले.

"आमी हिर्डोशीचा डोंगर उतरून आलो, मिस्त्री. जिना काय लई न्हाई," वरून पंगतीतल्या गेनूचा आवाज आला. "पर कालवण हितंच ऱ्हातंय."

एकेक जण भिंतीच्या कडेने उतरला. वेल्ह्याच्या कोंडिबांनी अर्ध्या पानाला हात जोडले आणि सोजराबाईंकडे न पाहता ते बाहेर पडले. बाईंनी पदर तोंडाला लावला.

बेचाळिसावा उतरला. मिस्त्रींनी घड्याळ लावून दहा मिनिटे वाट पाहिली.

"तुळई आली का वर?" सोजराबाईंनी विचारले.

त्यांनी काठी त्याच फरशीवर पुन्हा उभी केली.

आठ फूट दीड इंच.